मैदान, सहा मीटरची गल्ली आणि हरकतीसाठी एक महिना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलुंड पूर्वेला तुमची ४० घरांची सोसायटी. मागे क्रीडांगणासाठी आरक्षित असलेला खासगी भूखंड. त्यातला काही भाग निवासी करायचा प्रस्ताव असल्याची सूचना वर्तमानपत्रात आली आहे आणि हरकतींना एक महिन्याची मुदत आहे. शिवाय शेजारच्या सहा मीटरच्या गल्लीत दोन जुन्या इमारती रिकाम्या झाल्या आहेत आणि तिथे २२ मजली इमारत येणार असा फलक लागला आहे. निम्मे सभासद म्हणतात, जोरदार विरोध करू. निम्मे म्हणतात, सगळं वरूनच ठरलेलं असतं, कागद काळे करून काय होणार. आणि एक काका म्हणतात की मुंबईत घरं हवीतच, मग विरोध कशाला. सेक्रेटरी म्हणून तुम्ही मध्ये सापडला आहात.

मी वास्तुविशारद आहे. २८ वर्षं हेच काम करतो. बिल्डरांचे नकाशे मंजूर करून घेतले, सोसायट्यांचे पुनर्विकास सांभाळले, आणि रहिवाशांच्या बाजूने सुनावण्यांनाही उभा राहिलो. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या पत्रात दोन वेगळी प्रकरणं एकत्र झाली आहेत. मैदानाबद्दल बोलायचा हक्क तुम्हाला कायद्याने दिलेला आहे. २२ मजल्यांबद्दल तसा थेट हक्क नाही. तिथे वेगळ्या वाटेने जावं लागतं. दोन्ही विषय एकाच निवेदनात घातलेत तर दोन्ही वाया जातील.

आधी गल्लीचं घेऊ.

मुंबईत एखाद्या इमारतीला परवानगी कशी मिळते याबद्दल फार गैरसमज आहेत. अनेकांना वाटतं, नगरसेवक किंवा पालिकेचं सभागृह इमारत मंजूर करतं. तसं नसतं. वास्तुविशारद ऑनलाइन नकाशे दाखल करतो, बिल्डिंग प्रपोजल खातं ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीशी, म्हणजे आपण सगळे जिला डीसीपीआर म्हणतो तिच्याशी, ताडून बघतं. अग्निशमन दल, जलअभियंता, पर्जन्यजल वाहिन्या, वृक्ष प्राधिकरण यांच्या एनओसी येतात. नियमात बसलं की आयओडी, म्हणजे अटींसह नकाशांना मंजुरी, मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, काम पुरं झालं की ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी. या साखळीत शेजाऱ्यांना बोलावून विचारायची पायरी कुठेच नाही. लोक जागे होतात ते जुनी इमारत पाडायला जेसीबी आला की. तेव्हा नगरसेवकाकडे मोर्चा जातो, आणि त्या बिचाऱ्याच्या हातात एक पत्र लिहिण्यापलीकडे काही नसतं.

मग निर्णय होतो कुठे? नियम बनतो तिथे, आणि नकाशावर रेषा ओढली जाते तिथे. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. इमारत उभी राहते तेव्हा तिचा निर्णय होऊन गेलेला असतो. कधी पाच वर्षांपूर्वी, कधी पंचवीस.

तुमच्या गल्लीचंच बघा. सध्याची नियमावली १ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा. उपनगरात मूळ एफएसआय १, शहर भागात १.३३. त्यावर प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय आणि बाजारातून घेतलेला टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा हस्तांतरित विकास हक्क, चढतो, पण किती चढेल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. उपनगरात रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर सगळं मिळून २ पर्यंत, २७ मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर २.५ पर्यंत. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा बांधकाम क्षेत्र. आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर सर्वसाधारण नियमात मूळ एफएसआयवर ना प्रीमियमचा एफएसआय चढतो, ना टीडीआर.

आता विचार करा, तुमची गल्ली सहा मीटरची. मग २२ मजले आले कुठून? याचं उत्तर शोधणं हे तुमचं पहिलं काम. मला सुचतात त्या शक्यता अशा. भूखंडाची दुसरी बाजू मोठ्या रस्त्याला लागत असेल. ती जमीन म्हाडाच्या वसाहतीची असेल, मग तिथे कलम ३३(५) लागतं आणि हिशेब ३ एफएसआयपासून सुरू होतो. शिवाय २०१८ पासून म्हाडा आपल्या वसाहतींसाठी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे, म्हणजे तुम्ही पालिकेच्या दारात उभे राहाल आणि फाइल वांद्र्याला असेल. झोपडपट्टी पुनर्वसन असेल तर त्याचं वेगळं प्राधिकरण, एसआरए. किंवा मग, आणि मला याचाच दाट संशय आहे, गल्लीची रेषा कागदावर रुंद झाली असेल.

या रेषेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याच्या कलम २९७ खाली आयुक्तांना रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरवता येते. खात्यात तिला आरएल म्हणतात. नवी रेषा ठरवायची तर सभागृहाची मंजुरी लागते, आणि त्याच्या किमान एक महिना आधी वर्तमानपत्रात व राजपत्रात जाहीर सूचना आणि प्रत्यक्ष त्या रस्त्यावर सूचना लावणं बंधनकारक आहे. ती सूचना कुठे लागते? विजेच्या खांबावर, कधी सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर, कोचिंग क्लासच्या जाहिरातीशेजारी. पहिल्या पावसात ती जाते. पण त्या एका कागदाने सहा मीटरची गल्ली नऊ मीटरची ठरते आणि गल्लीतल्या प्रत्येक भूखंडाला टीडीआरचं दार उघडतं.

त्यानंतर काय होतं ते मी अनेक गल्ल्यांत पाहिलंय. पहिल्या बिल्डरने दीड मीटर सेटबॅक, म्हणजे रस्त्यासाठीची जागा, सोडला, तेवढ्या लांबीत गल्ली रुंद झाली. पुढची सोसायटी पुनर्विकासाला जायला दहा वर्षं लावते. तिच्यापुढची इमारत पागडीची, तिथला वाद कोर्टात. गल्लीची कडा करवतीसारखी होते, आत-बाहेर, आत-बाहेर. सोडलेल्या तुकड्यांत गाड्या लागतात. आणि रुंदी मात्र शेवटपर्यंत सहाच मीटर राहते, कारण पाण्याचा टँकर किंवा बंब जातो तो सगळ्यात अरुंद ठिकाणाच्या हिशेबाने. नऊ मीटरचे मजले आणि सहा मीटरचा रस्ता.

म्हणून वॉर्ड ऑफिसमध्ये, तुमचं टी विभागाचं, विचारा: या गल्लीला नियमित रेषा मंजूर आहे का, कोणत्या ठरावाने, कोणत्या तारखेला, सूचना कुठे प्रसिद्ध झाली होती? माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील. सूचनाच नियमाप्रमाणे दिली नसेल तर तुमच्या हातात खरा मुद्दा आला. दिली असेल तर २२ मजल्यांना विरोध करण्यात शक्ती घालवू नका. त्याऐवजी लेखी मागा की गल्लीच्या तोंडापासून शेवटपर्यंत सलग रुंदीकरणाचा कार्यक्रम काय, सेटबॅकची जागा पालिकेच्या ताब्यात कधी आली, आणि बांधकामाचे ट्रक कोणत्या वेळेत येणार. झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. तिचा फोटो तारखेसह काढून ठेवा. एवढं या विषयाला पुरे.

आता मैदान. इथे तुमच्याकडे वेळ कमी आणि हक्क भरपूर आहे.

ती सूचना पुन्हा काढून वाचा आणि वरचं कलम बघा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६, ज्याला आम्ही एमआरटीपी म्हणतो, त्याच्या कलम ३७ खाली मंजूर विकास आराखड्यात, म्हणजे शहरात कोणती जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशात, फेरबदल होतो. सूचना पालिकेने काढली असेल तर ३७(१), आणि थेट राज्याच्या नगरविकास विभागाने काढली असेल तर बहुधा ३७(१कक). हा फरक महत्त्वाचा, कारण हरकत त्या सूचनेत लिहिलेल्या अधिकाऱ्याकडेच पोहोचली पाहिजे. वॉर्ड ऑफिसला दिलेली हरकत ‘योग्य त्या खात्याकडे’ पाठवली जाते आणि तोवर मुदत संपते.

या कलमात तीन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. हरकत कुणीही घेऊ शकतो, शेजारी असायची किंवा मालक असायची अट नाही. बाधित व्यक्तींना नोटीस आणि सुनावणी द्यावी लागते. आणि फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. पालिकेचा प्रस्ताव असेल तर तो पुढे सरकारकडे जातो, आणि शेवटची मंजुरी मंत्रालयातून, नगररचना संचालकांशी सल्लामसलत करून होते. पालिका म्हणजे शेवटचा थांबा नव्हे, हे ध्यानात ठेवा. तिथे हरलात तरी फाइल अजून जिवंत असते.

अशा बदलाला ‘किरकोळ फेरबदल’ म्हणतात, त्या शब्दाने फसू नका. गिरणगावाच्या जमिनींचं काय झालं ते आठवा. १९९१ च्या नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास झाला तर साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, तिसरा हिस्सा घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती राहिली. गिरणीच्या शेडखालची जमीन हिशेबाबाहेर गेली. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर, आणि एका विशेषणाने शहराच्या वाट्याची मैदानं आणि घरं आक्रसली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये रहिवाशांच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल वैध ठरवला. तो बदलसुद्धा याच कलम ३७ खाली झाला होता. परळ-लालबागची माणसं आजही विचारतात, आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं का नाही.

आणि ‘हरकतींनी काही होत नाही’ म्हणणाऱ्या सभासदांना २०१५ सांगा. फेब्रुवारी २०१५ मध्ये नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला. स्थानकांजवळ ८ पर्यंत एफएसआय, आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात विकास, आणि जागोजागी चुकीच्या नोंदी. सुमारे ६५ हजार हरकती आल्या. सोसायट्या, कोळीवाडे, गावठाणं, चर्च, शाळा, मैदानावरचे क्रिकेट क्लब, सगळ्यांनी आपापला तुकडा नकाशावर शोधून लिहिलं. एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदा दुरुस्तीसाठी परत पाठवला. २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला, नियोजन समितीसमोर सुनावण्या झाल्या आणि मे २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. तुमच्या मागच्या भूखंडावरचं क्रीडांगण त्या चाळणीतून टिकून आलेलं आहे. तुमच्या हरकतीत हे वाक्य असलंच पाहिजे.

हरकत लिहायची कशी, हे मी स्वतः चुकून शिकलो. काम सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पश्चिम उपनगरातल्या एका वसाहतीसाठी मी एक उत्तम पत्र तयार केलं. त्याच्या २०० प्रती काढल्या, सह्या घेतल्या, गठ्ठा बांधून दिला. आम्हाला वाटलं, २०० हरकती! काही महिन्यांनी अहवाल हाती आला. त्यात एक तक्ता होता. आमच्या सगळ्या गठ्ठ्यासाठी एक ओळ: ‘आरक्षण बदलास स्थानिक रहिवाशांचा विरोध.’ पुढच्या रकान्यात प्रशासनाचा अभिप्राय: ‘मान्य करता येत नाही.’ २०० सह्या एका ओळीत बसल्या, कारण मुद्दा एकच होता आणि तोही भावनेचा. मला त्या रात्री झोप लागली नव्हती. त्या लोकांनी रविवार घालवून दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या.

तेव्हापासून सांगतो: तक्त्यातली प्रत्येक ओळ वेगळी हवी. तुमच्या ४० घरांतून १२ हरकती जाऊ देत, पण १२ वेगवेगळ्या. शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी लिहावं की अर्ध्या किलोमीटरमधल्या किती शाळांना स्वतःचं मैदान नाही, शाळांच्या नावांसह. ज्येष्ठ नागरिकांनी लिहावं की पुढचं मोकळं उद्यान चालत किती मिनिटांवर आहे आणि वाटेत कोणता रस्ता ओलांडावा लागतो. मुसळधार पावसात पाणी कुठवर चढतं ते तळमजल्यावरच्यांनी लिहावं, फोटोसह, कारण मातीचं मैदान पाणी पितं आणि पेव्हर ब्लॉक पीत नाहीत. कुणी डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या भूखंडावर काय दाखवलंय याचा पालिकेचा दाखला, काढावेत. ते भूखंडाच्या सिटीएस, म्हणजे नगर भूमापन, नंबरावरून ऑनलाइन मिळतात. आरक्षणाचा कोड आणि क्षेत्रफळ त्यावरून तसंच्या तसं उतरवावं. मालमत्ता पत्रक जोडावं.

मजकुराची सुरुवात अशी करा: ‘मौजे मुलुंड, सिटीएस क्रमांक अमुक, टी विभाग, या भूखंडावरील मंजूर क्रीडांगणाच्या आरक्षणापैकी इतके चौरस मीटर क्षेत्र निवासी करण्यास माझी पुढील कारणांसाठी हरकत आहे.’ मग कारणं, आकड्यांनिशी. आणि शेवटी ‘सूचना’. हा भाग नव्वद टक्के लोक लिहीतच नाहीत. कायद्यात शब्द ‘हरकती व सूचना’ असा जोडीने आहे. अधिकाऱ्याला नुसतं ‘नको’ मिळालं की त्याच्याकडे दोनच पर्याय उरतात, हो किंवा नाही. ‘असं करा’ मिळालं की त्याला लिहायला काहीतरी मिळतं. ‘सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य विसरू नका. दोन प्रती घ्या, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. ईमेल वरून पाठवा, पण शिक्क्याची प्रत असू द्या. शेवटच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी रांग असते आणि आवक-जावकचा कारकून जेवायला गेलेला असतो.

सुनावणीला पाच-सात मिनिटं मिळतात. बरेच लोक पहिली चार मिनिटं पालिकेला बोल लावण्यात घालवतात. मला एक सुनावणी कायमची लक्षात आहे. बेस्टमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. हातात शंभर पानी वही, मुलांची असते तशी, वर नातवाचं नाव. दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच ते सात ते मैदानाच्या कठड्यावर बसले होते आणि दर अर्ध्या तासाला मुलं, मुली, म्हातारी माणसं मोजून लिहिली होती. वेगवेगळ्या रकान्यांत. तिकिटांचा हिशेब ठेवायची सवय, आकडे स्वच्छ, खाडाखोड नाही. शेवटी एक ओळ होती: मंगळवारी पाऊस, कोणी आले नाही. समोरच्या अधिकाऱ्याने चष्मा काढला, वही मागून घेतली आणि पानं उलटत राहिला. मग शिपायाला म्हणाला, याची झेरॉक्स काढून फाइलला लावा. त्या दिवशी बाकी आम्ही सगळे जे बोललो त्यातलं काही अहवालात आलं नाही. वही आली. प्रस्तावात मैदान अर्ध्यावर आणायचं होतं. शेवटी क्षेत्र तेवढंच राहिलं, फक्त भूखंडात थोडं सरकवून रस्त्याच्या बाजूला आणलं. मालकालाही बांधायला सलग जागा मिळाली.

तुम्हीही उद्यापासून मोजायला बसवा कुणाला तरी. भूखंडाला कुंपण असेल आणि कुणी खेळतच नसेल तर जवळच्या रस्त्यावर, पार्किंगमध्ये किती मुलं खेळतात ते मोजा. तो पुरावा जास्त बोलका असतो.

आता त्या काकांचं म्हणणं, की घरं हवीतच. ते बरोबर बोलतात आणि त्यांना गप्प बसवू नका. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाई कळव्याहून किंवा दिव्याहून लोकल पकडून येत असतील. तुमची स्वतःची मुलं लग्नानंतर बदलापूरला गेली असतील. ‘बाहेरची माणसं नकोत’, ‘गर्दी वाढेल’, ‘आपल्या एरियाचा दर्जा जाईल’ असले मुद्दे हरकतीत येऊ देऊ नका. ते नगररचनेचे मुद्देच नाहीत, आणि माणूस म्हणूनही मला ते पटत नाहीत. आज तुम्ही राहता ती इमारत उभी राहिली तेव्हाही तिथे आधी कुणीतरी गुरं चारत असेल.

प्रश्न एवढाच विचारायचा: घरं कुणासाठी, आणि त्यांच्या मुलांनी खेळायचं कुठे? ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात मूळ एफएसआयच्या २० टक्के छोटी घरं द्यावी लागतात. तुमच्या प्रस्तावात क्षेत्र त्या मर्यादेच्या जरा खाली ठेवलंय का ते तपासा. मी असे भूखंडांचे तुकडे पाडलेले पाहिले आहेत. आरक्षित भूखंडावर झोपडपट्टी असेल तर नियम निराळा आहे: किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवून उरलेल्या जागेवर पुनर्वसन. तिथे माझं मत स्पष्ट आहे की आधी त्या कुटुंबांना घर मिळालं पाहिजे. पण ती ३५ टक्के जागा जमिनीवर, सलग आणि सार्वजनिक रस्त्याला दार असलेली हवी. बिल्डिंगच्या मागे उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांची बेरीज करून मैदान होत नाही.

मालकाचीही बाजू समजून घ्या. तीस-तीस वर्षं जमिनीवर आरक्षण, पैसे मिळत नाहीत, बांधताही येत नाही, वर कर भरा आणि अतिक्रमणाची राखण करा. त्यामुळेच तो फेरबदलाच्या मागे लागतो. तुमच्या ‘सूचने’त त्याच्यासाठी वाट असेल तर तिचं वजन वाढतं. पालिकेने संपादन करावं, किंवा जमिनीच्या बदल्यात टीडीआर द्यावा, किंवा मैदानाचं क्षेत्र कायम ठेवून नकाशात जागा बदलावी. यातलं काय बसतं ते भूखंडाचा आकार बघून ठरवता येईल. नकाशा पाठवा, मी बघतो.

राजकारणाची पायरीही सांगतो. आरक्षणाचे विषय पालिकेत सुधार समितीकडे येतात आणि मग सभागृहात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं सगळे निर्णय प्रशासकाच्या सहीने होत होते, कुणाला गाठायचं हेच लोकांना कळत नव्हतं. आता तुमच्याकडे नगरसेवक आहे. सीसी मिळालेल्या इमारतीसाठी त्याच्याकडे जाऊ नका, या प्रस्तावासाठी जा, आणि विषय कार्यक्रमपत्रिकेवर येण्याआधी जा. त्याला निवेदन देऊ नका. एक पान द्या: नकाशा, क्षेत्रफळ, तीन मुद्दे, तुमची सूचना. समितीत बोलायला उभा राहिल्यावर त्याला तेवढंच उपयोगी पडतं. इतर पक्षांच्या सदस्यांनाही तेच पान द्या. मैदान हा एका पक्षाचा विषय होऊ दिलात की संपलं.

पुढच्या दोन वर्षांसाठी एक गोष्ट डायरीत लिहून ठेवा. एमआरटीपीच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘ही जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. कुणाची हरकत नाही, कुणाची सुनावणी नाही. सध्याचा आराखडा २०१८ चा. म्हणजे २०२८ उजाडलं की मुंबईभर अशा खरेदी सूचना यायला लागतील. टी विभागातल्या खासगी जमिनींवरच्या मैदान, उद्यान, शाळा, दवाखान्याच्या आरक्षणांची यादी आत्ताच करून ठेवा आणि अर्थसंकल्पाआधी दर वर्षी नगरसेवकाच्या हाती द्या, की यातल्या या दोन जागांच्या संपादनासाठी तरतूद करा. आसपासच्या सोसायट्यांना बरोबर घ्या. तुमच्या भागात जुनं एएलएम, म्हणजे पालिकेबरोबर काम करणारा रहिवाशांचा गट, असेल तर त्यातली माणसं शोधा, त्यांच्याकडे जुने कागद निघतात.

फेरबदलाची ती जाहीर सूचना कोणत्या तारखेच्या अंकात आली ते पत्रात लिहिलेलं नाही. राजपत्राची तारीख आणि वर्तमानपत्राची तारीख वेगळी असू शकते. महिना कुठून मोजायचा ते त्या मजकुरातच दिलेलं असतं, तेवढं आज रात्री बघून घ्या आणि कात्रणाचा फोटो डीपी रिमार्कसोबत मला पाठवा. गल्लीचा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी, हरकतींची पहिली तुकडी त्याच आठवड्यात. वही आणि पेन घेऊन कठड्यावर बसायला मात्र उद्या संध्याकाळी पाचलाच कुणीतरी गेलं पाहिजे.